टॅबवर नोंद घ्या, एंट्री मारू नका

रजिस्टरातून संगणकात एंट्री मारणाऱ्या सरावलेल्या ऑपरेटरच्या शेजारी पाच मिनिटं उभं राहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. त्याची मान कागदाकडे वळलेली असते आणि तशीच राहते. डावा हात रजिस्टरच्या ओळीवर पट्टी सरकवत असतो, उजवा नंबर पॅडवर. तर्जनी ४ वर, मधलं बोट ५ वर, अनामिका ६ वर, शून्याला अंगठा, एंटरला करंगळी. पाचाच्या कळीवर बारीक उंचवटा असतो. बोट तिथे टेकलं की बाकीच्या कळा कुठे आहेत ते बघावं लागत नाही. स्क्रीनकडे नजर जाते ती पान संपल्यावर, नाहीतर चुकीचा ‘बीप’ वाजल्यावर.

हीच एंट्री टॅबच्या काचेवर करायला सांगितली की आधी नजर अडकते. काचेला उंचवटा नाही. कंपन चालू केलं तरी ते सगळ्या कळांना सारखंच, म्हणजे काहीतरी दाबलं गेलं एवढंच कळतं, काय दाबलं गेलं ते कळत नाही. मग दर दोन-तीन अंकांनी डोळा कागदावरून काचेवर आणि काचेवरून कागदावर. ओळ चुकते ती याच फेऱ्यांत. वरच्या ओळीतलं नाव आणि खालच्या ओळीतली रक्कम अशी जोडी एकदा बसली की ती सापडणं मुश्कील, कारण नावही खरं असतं आणि रक्कमही.

टॅब डेटा एंट्रीला चालतो का, या प्रश्नाचं उत्तर लोक प्रोसेसर, रॅम आणि किमतीत शोधतात. माझ्या मते आधी विचारायचं ते एवढंच, की काम करताना नजर कुठे असणार आहे. माहिती आधीच कागदावर असेल आणि कागद वाचत ती यंत्रात घालायची असेल, तर टॅब देऊ नये. माहिती समोर बसलेल्या माणसाकडे, गाईच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावर किंवा शेताच्या बांधावर असेल आणि पहिल्यांदाच कुठेतरी उतरवायची असेल, तर टॅबला तोड नाही. पहिल्या कामाला एंट्री म्हणू, दुसऱ्याला नोंद. कचेऱ्या, पतसंस्था, साखर कारखाने, दवाखाने यांच्या खरेदीच्या टिपणीत मात्र ही दोन्ही कामं ‘डेटा एंट्री’ या एकाच शीर्षकाखाली येतात, आणि घोळ तिथून सुरू होतो.

आधी एंट्रीचा हिशेब मांडू. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत डेटा एंट्री ऑपरेटरसाठी ताशी ८,००० की-डिप्रेशनची अट असते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या कार्यालयातल्या पदासाठी ती १५,००० आहे. म्हणजे सेकंदाला दोनपासून चारपर्यंत कळा, आणि तेही सलग. आपल्याकडे लिपिक-टंकलेखकाला मराठीचे ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द मिनिटाला लागतात. आता एक साधं रजिस्टर घ्या. पानाला २५ ओळी, ओळीला नाव, खाते क्रमांक, गाव, रक्कम मिळून ६० कळा. पानाच्या १,५०० कळा झाल्या. ताशी ८,०००च्या वेगाने हे पान सव्वाअकरा मिनिटांत संपतं. काचेवर हाच माणूस अक्षरांकडून अंकांकडे जाताना कीबोर्डचा थर बदलतो, परत येताना पुन्हा बदलतो, आणि प्रत्येक रकाना बोटाने निवडतो. एका अदलाबदलीला दीड सेकंद धरा, ओळीत अशा चार. पानामागे अडीच मिनिटं नुसती थर बदलण्यात गेली. शंभर पानांच्या रजिस्टरला चार तासांहून जास्त. यात मंद टायपिंग आणि चुकांची दुरुस्ती धरलेलीच नाही.

कळा लहान असतात म्हणून टॅबवर टाइप होत नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे. १०.१ इंची टॅब आडवा धरला तर स्क्रीन साधारण २१.७ सेंटिमीटर रुंद आणि १३.६ सेंटिमीटर उंच असते. दहा अक्षरं एका ओळीत बसवली तर प्रत्येकीला २१ मिलिमीटरच्या वर जागा मिळते, आणि पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर एका कळीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचं अंतर १९ मिलिमीटर असतं. रुंदी पुरते, उंची पुरत नाही. कीबोर्ड उघडला की अर्धीअधिक स्क्रीन झाकली जाते. वर ॲपची पट्टी, खाली कीबोर्ड, मधल्या पाच-सहा सेंटिमीटरांत शीटच्या जेमतेम काही ओळी. मागची ओळ काय भरली ते बघायला कीबोर्ड मिटवा, बघा, परत उघडा. शिवाय खऱ्या कीबोर्डवर बोटं टेकवून ठेवता येतात, काचेवर टेकवली की अक्षर उमटतं. तासभर हात अधांतरी धरून टाइप केल्यावर दुखतं ते मनगट नव्हे, खांदा दुखतो. टॅब टेबलावर सपाट ठेवला तर मान मोडते, उभा केला तर हात. दोन्ही जमवणारा कोन नाही.

मराठीत आणखी एक अडचण वाढते. टायपिंग क्लासमधून आलेल्या माणसाच्या बोटांत टाइपरायटरची रचना किंवा इन्स्क्रिप्ट ही संगणकावरची प्रमाण रचना मुरलेली असते. टॅबवर तो काचेच्या कीबोर्डवर येतो आणि भ, ख, घ, जोडाक्षरं हे सगळं शिफ्टच्या थराखाली गेलेलं असतं. म्हणून बरेच जण रोमनमध्ये ‘कांबळे’ टाइप करून वर आलेल्या सूचनांतून शब्द निवडतात. व्हॉट्सॲपला हे उत्तम. नावांच्या यादीला घातक, कारण प्रत्येक नावाला डोळा सूचनापट्टीवर जातो, आणि पट्टी कालच्या निवडीवरून आज अंदाज बांधते. काल पाच ‘पवार’ भरले असतील तर आज ‘पोवार’ टाइप केल्यावर पहिली सूचना पवारचीच येण्याची शक्यता जास्त. पत्राच्या मजकुरात ही चूक वाचणाऱ्याला खटकते तरी, सातबाऱ्यावर किंवा विम्याच्या यादीत ती शांतपणे बसून राहते. आणि मग जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीसाठी अर्ज, जबाब, तहसीलच्या खेपा.

बोलून टाइप करण्याची सोय आता मराठीतही चांगली झाली आहे, पण ती परिच्छेदासाठी. आकड्यांना तिच्या हवाली करू नये. ‘अडीच’, ‘पावणेदोन’, ‘दीडशे’, ‘सव्वाशे’ हे शब्द यंत्र कधी अक्षरांत लिहितं, कधी अंकांत, आणि शीटला यातला अक्षरातला ‘अडीच’ बेरजेला चालत नाही. शिवाय एका खोलीत चार जण मोठ्याने आधार क्रमांक वाचताहेत, हे दृश्य कुठल्याही कार्यालयात नको.

मग टॅबला कीबोर्ड जोडला तर? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर सरळ दिलं पाहिजे. चांगला कीबोर्ड आणि वेगळा नंबर पॅड जोडला की कळांचा वेग जवळजवळ पूर्ण परत येतो. नजर कागदावर राहू शकते. राहिलेल्या अडचणी मग सॉफ्टवेअरच्या आणि जोडणीच्या. सराईत माणूस एक्सेलमध्ये वरची नोंद खाली उतरवायला कंट्रोल-डी, आजच्या तारखेसाठी कंट्रोल आणि अर्धविराम, घर दुरुस्त करायला एफ-२, ड्रॉपडाउन उघडायला ऑल्ट आणि खालचा बाण वापरतो. टॅबवरच्या ॲपमध्ये यातले काही चालतात, काही नाहीत. एक न चाललेला शॉर्टकट म्हणजे दर ओळीला एकदा हात उचलून काचेवर बोट. कार्यालयातल्या जुन्या शीटमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असतील तर विषयच संपला. त्या ज्या भाषेत लिहितात ती व्हीबीए टॅबवरच्या एक्सेलमध्ये चालत नाही. मोठ्या स्क्रीनचा टॅब घेणाऱ्यांनी परवान्याचीही अट वाचावी. मायक्रोसॉफ्टने मोबाइल ॲपमधलं फुकट संपादन १०.१ इंचापर्यंतच्या स्क्रीनलाच ठेवलेलं आहे, त्यापुढे वर्गणी लागते. ११ इंची टॅब ‘थोडा मोठा बरा’ म्हणून घेतला आणि खर्च दरवर्षीचा झाला, असं होऊ शकतं.

जोडणीचं दुखणं निराळं. टॅबला बहुधा एकच पोर्ट असतो. वायरचा कीबोर्ड लावला तर चार्जिंग बंद. त्यासाठी एका पोर्टचे अनेक करणारा आणि चार्जिंग आरपार जाऊ देणारा हब लागतो, आणि स्वस्तातले काही टॅब हब लावल्यावर कीबोर्ड तरी ओळखतात किंवा चार्ज तरी होतात, दोन्ही एकदम नाही. मोठा मॉनिटर लावू म्हटलं तर बऱ्याच स्वस्त टॅबच्या पोर्टमधून चित्र बाहेर येतच नाही. ब्लूटूथ कीबोर्ड घेतला तर एका खोलीत दहा टॅब आणि दहा कीबोर्ड. तुमचा कीबोर्ड शेजारच्या टॅबला जोडला जाण्याचे प्रकार होतात, आणि कीबोर्ड झोपी गेला असेल तर पहिली एक-दोन अक्षरं गळतात. ९,४५० चे ४५० व्हायला तेवढं पुरतं. शिवाय चोवीस तास चार्जरला लावून ठेवलेला टॅब आणखी एक गोष्ट करतो. लिथियमची बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरम अशी महिनोन्‌महिने राहिली की फुगते. मागचं झाकण किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसली तर तो टॅब तेव्हाच बाजूला काढावा, दाबून बसवू नये. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असेल तर ती पहिल्या दिवशी चालू करावी.

हब, कीबोर्ड, नंबर पॅड, स्टँड, वर्गणी हे सगळं टॅबच्या किमतीत मिळवा. साध्या लॅपटॉपच्या आसपास आकडा जातो, आणि हातात येतो तो लॅपटॉपहून कमी कामाचा लॅपटॉप. अपवाद विंडोजवर चालणाऱ्या, कीबोर्ड सुटा होणाऱ्या टॅबचा. पण ते मुळात संगणकच आहेत, फक्त स्क्रीन हातात घेता येते एवढंच.

आता दुसरी बाजू, आणि इथे टॅब खरोखर उजवा आहे. ऊसनोंदीचं काम बघा. कारखान्याच्या शेतकी खात्याचा माणूस बांधावर उभा आहे. त्याला लागतं ते असं: सभासदाचं नाव, गाव, गट क्रमांक, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, उसाची जात, लागणीची तारीख, हंगाम. यातलं टाइप करण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. सभासद क्रमांक टाकला की नाव आणि गाव आपोआप यावं. जात निवडायची: को ८६०३२, फुले २६५ आणि कारखान्याच्या कार्यक्षेत्रात असतील तेवढ्याच. हंगाम निवडायचा: आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा. तारीख कॅलेंडरवरून. म्हणजे गट क्रमांक आणि क्षेत्र, एवढे दोनच आकडे टाइप करायचे. नजर शेतावर आणि शेतकऱ्यावर, बोट काचेवर. वर फोटो आणि जीपीएसचं ठिकाण फुकटात.

आणि खरी गंमत पुढे आहे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमधली, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतची. एखाद्याने ‘आडसाली’ निवडून जानेवारीची तारीख टाकली तर टॅब तिथल्या तिथे अडवू शकतो, शेतकरी समोर उभा असताना. हीच विसंगती कागदावर असती तर महिन्याभराने ऑफिसातल्या ऑपरेटरला दिसली असती. त्याने काय करायचं? फोन लावायचा, नाहीतर अंदाजाने एक बाजू बदलायची. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवरून लागतो, त्यामुळे त्या अंदाजाची किंमत कुणाच्या तरी वाळणाऱ्या उसाने मोजली जाते. नोंद जिथे जन्मते तिथेच तपासली जाते, हा टॅबचा मोठा गुण आहे. कागद वाचून पुन्हा टाइप करण्याच्या जगात याला पर्याय म्हणून पंचकार्डाच्या काळापासून एकच उपाय होता: एकच कागद दोन ऑपरेटरांनी दोनदा टाइप करायचा आणि फरक पडेल तिथे यंत्राने थांबायचं. तो उपाय आजही उत्तम आहे. पण त्याने टाइप करणाऱ्याची चूक सापडते, कागदावरची नाही.

जीपीएसवर मात्र भोळा विश्वास नको. उघड्या रानात टॅबचं ठिकाण तीन-पाच मीटर इकडेतिकडे होतं. ४० बाय ५० मीटरचं, म्हणजे २० आरचं शेत घ्या. चारी बाजूंनी तीन मीटर बाहेरून रेघ पडली तर ते ४६ बाय ५६ होतं. साडेपाच आरहून जास्त क्षेत्र हवेतून आलं. पाच एकरांच्या सलग तुकड्याला हा फरक टक्क्यांत बराच कमी पडतो, वीस आरच्या शेताला मोठा. म्हणून चालून मोजलेलं क्षेत्र उताऱ्यावरच्या क्षेत्राला ताडून बघायला वापरावं, त्याच्या जागी लिहू नये.

टॅब हातात असून नोंद वाया कशी जाते, याचा या देशातला मोठा धडा २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात जनगणनेने दिला आहे. कागदाविना, भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेल्या टॅबवर ती झाली. प्रगणक विचारणार आणि सोबतचा ऑपरेटर भरणार, अशी जोडी होती. पुढे ओबीसी आरक्षणासाठी हा डेटा महाराष्ट्र सरकारने मागितला, तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं की तो वापरण्याजोगा नाही. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती होत्या, इथे ४६ लाखांहून जास्त निघाल्या. एकट्या महाराष्ट्रात मान्य जाती ४९४, डेटामध्ये ४,२८,६७७. कारण काय, तर गणनेआधी जातींची यादीच तयार केलेली नव्हती. जो जे सांगेल ते, ऑपरेटरला सुचेल त्या स्पेलिंगने. कुणी जात सांगितली, कुणी पोटजात, कुणी कूळ, कुणी गोत्र. टॅबने ते सगळं इमानेइतबारे साठवलं.

यंत्राला दोष देऊन उपयोग नाही, कागदावरही हेच झालं असतं. पण टॅब घेण्याचं कारणच यादीतून निवडता यावं हे असतं, आणि नेमका तोच रकाना मोकळा सोडला होता. यादी करणं सोपं काम नाही हे खरं. कुठली जात कुठल्या नावाखाली यायची हा वादाचा विषय आहे, आणि वाद टाळायला मोकळा रकाना सोयीचा पडतो. मग तो वाद प्रगणकाच्या बोटांवर ढकलला जातो.

मोकळ्या रकान्यात देवनागरीचे स्वतःचे सापळेही आहेत, आणि फॉर्म बनवणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसतात. ‘ॲडव्होकेट’ मधला ॲ एका कीबोर्डवरून एकच अक्षर म्हणून येतो, दुसऱ्यावरून अ आणि वर वेगळा चंद्र असा दोन तुकड्यांत. ‘दऱ्या’ मधला रफारासारखा अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी साठवला जातो. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधताना आणि जुळवताना वेगळे. तीच गोष्ट आकड्यांची. काही जण देवनागरी आकडे टाइप करतात, काही इंग्रजी, आणि शीट बहुधा देवनागरी आकड्याला मजकूर समजून बेरजेतून वगळते, तक्रार न करता. म्हणून रकाना आकड्याचा असेल तर फॉर्ममध्ये तसं सांगून ठेवावं, म्हणजे टॅबवर आपोआप फक्त अंकांचा मोठा कीपॅड उघडतो आणि थर बदलणं वाचतं. मजकूर साठवण्याआधी युनिकोडच्या एकाच ठरलेल्या रूपात आणावा. आपोआप दुरुस्ती आणि शब्दसूचना नावाच्या रकान्यांपुरत्या बंद ठेवाव्या.

तपासणीही रकान्यावरच बसवावी आणि ती इंटरनेटशिवाय चालली पाहिजे. आधार क्रमांकाचा बारावा अंक आधीच्या अकरांवरून ठरतो. त्यासाठीचं व्हरहॉफचं सूत्र एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटेपालटे झाले तर हमखास पकडतं, आणि त्याला सर्व्हर लागत नाही. पिनकोड सहा अंकी, महाराष्ट्रात ४० ते ४४ ने सुरू होणारा, गोव्यात ४०३ ने. बँकेचा आयएफएससी अकरा अक्षरी आणि पाचव्या जागी नेहमी शून्य. तिथे हमखास इंग्रजी ओ टाइप होतो. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. हे नियम बसवायला प्रोग्रामरला दोन दिवस लागतात. न बसवल्यास परत आलेल्या रकमा निस्तरायला वर्ष जातं.

एवढं करूनही टॅबचं काम बिघडतं ते एका विशिष्ट पद्धतीने, आणि सार्वजनिक चर्चेत तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. दिवसा वहीत लिहायचं, रात्री घरी बसून टॅबमध्ये भरायचं. गावात रेंज नसते, सर्व्हर फिरत राहतो, फॉर्म सत्तर प्रश्नांचा असतो आणि समोरची बाई चुलीवर भाकरी टाकून आलेली असते. सेविका, आशा किंवा सहायक शहाणपणाने वही काढतात. त्या क्षणी नोंदीसाठी घेतलेला टॅब एंट्रीचं यंत्र होतो, तेही सगळ्यांत वाईट: काचेचा कीबोर्ड, मंद उजेड, दमलेला माणूस. शेतकरी समोर असताना चूक अडवण्याचा फायदा गेला, आणि दोन ऑपरेटरांनी दोनदा भरण्याची शिस्तही नाही. वर वहीही ठेवायची असतेच, कारण तपासणीला येणारा अधिकारी वही मागतो. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारी मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. कमी रॅम, गरम होणारे, अडकणारे फोन आणि इंग्रजीतलं ॲप, ही त्यांची तक्रार होती. तेव्हा तिला ‘तंत्रज्ञानाला विरोध’ म्हणणारे निघाले. ती तक्रार वाचली तर ते एखाद्या अनुभवी तंत्रज्ञाने लिहिलेलं दोषपत्रक वाटतं.

कमी रॅमच्या उपकरणावर काय होतं ते सांगतो. फॉर्म अर्धा भरलेला असताना फोटो काढायला कॅमेरा उघडला की अँड्रॉइड जागा करण्यासाठी मागचं ॲप बंद करतं. परत आल्यावर फॉर्म कोरा. म्हणून प्रत्येक रकाना भरताक्षणी तो टॅबमध्येच साठला पाहिजे, शेवटच्या ‘सबमिट’ ची वाट न बघता. ऑफलाइन नोंदीला क्रमांक टॅबनेच द्यावा, पण त्यात टॅबचा स्वतःचा सांकेतांक हवा, नाहीतर दोन टॅबवरच्या १०१ नंबरच्या नोंदी सिंक होताना, म्हणजे सर्व्हरवर जाताना, एकमेकींवर बसतात. टॅबचं घड्याळ चुकलेलं असेल तर कालची नोंद उद्याची होते. सिंक झालं की नाही हे ‘१२ पैकी ९ गेल्या’ असं आकड्यात दिसावं, फिरणाऱ्या चक्रात नव्हे. उन्हाचंही आहे. आयपॅडच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ० ते ३५ अंश दिलेलं असतं. मे महिन्यातल्या चंद्रपूरला सकाळी दहानंतर ही मर्यादा सावलीतही ओलांडली जाते. आधी उजेड कमी होतो, मग वेग, मग टॅब थंड होईपर्यंत बंद. कोकणात जुलैत उलटी तऱ्हा, ओल्या काचेवर बोट एकीकडे आणि टिचकी दुसरीकडे. तिथे प्लास्टिकच्या पिशवीत टॅब आणि साधा रबरी टोकाचा स्टायलस बरा.

२०२७ च्या जनगणनेत प्रगणक मोबाइल ॲपवर माहिती भरणार आहेत, म्हणून हा वाद आता टॅब कुठला घ्यायचा एवढ्यापुरता ठेवून चालणार नाही. दिवसा वही, रात्री टॅब असं किती ठिकाणी चाललं आहे हे मोजता येतं. प्रत्येक नोंदीला सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ आपोआप लागलेली असते. रात्री नऊ ते अकरामध्ये एकाच ठिकाणाहून चाळीस कुटुंबांच्या नोंदी आल्या असतील, तर त्या माणसाला नोटीस काढण्याआधी फॉर्म किती लांब आहे ते बघावं. वीस प्रश्न कमी करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याने एकदा तो फॉर्म उभ्याने, एका हातात टॅब धरून, स्वतः भरून पाहावा.

खरेदीआधीची चाचणीही अवघड नाही. तुमच्याच कामातल्या शंभर खऱ्या नोंदी घ्या, ओळख पटवणारे तपशील बदलून. दोन ऑपरेटर निवडा. पहिल्या ५० नोंदी एकाने टॅबवर आणि दुसऱ्याने संगणकावर भराव्या, पुढच्या ५० ला अदलाबदल. ४५ मिनिटांत किती झाल्या ते मोजा, मग दोघांच्या शीट शेजारी ठेवून एक्झॅक्ट फंक्शनने जुळवा. साधं बरोबरचं चिन्ह इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांतला फरक सोडून देतं, म्हणून एक्झॅक्ट. वेगाचा आकडा सगळे बघतात. चुकांच्या यादीत मात्र कुठल्या रकान्यात चुका साचल्या आहेत ते बघा, फॉर्म कुठे बदलायचा ते तिथे लिहिलेलं असतं. हे काम तिसऱ्या तासालाही करून बघा, कारण काचेवरच्या चुका पहिल्या पंधरा मिनिटांत फारशा दिसत नाहीत. विक्रेत्याचं प्रात्यक्षिक नेमकं तेवढ्याच वेळाचं असतं.

तर त्या कारखान्याच्या शेतकी खात्याने टॅब जरूर घ्यावेत, दोन-दोन माणसांत एक जादा पॉवर बँक देऊन. आणि मागच्या पाच हंगामांच्या नोंदवह्या उतरवायच्या असतील, तर त्या टॅबवाल्यांच्या गळ्यात घालू नयेत. ऑफिसात एक जुना का होईना डेस्कटॉप, नंबर पॅडचा वायरचा कीबोर्ड, वही तिरकी उभी राहील असा स्टँड, आणि ओळीवर ठेवायला लाकडी पट्टी.